मैदानाची रिकामी कड

डिसेंबरचे दिवस होते. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून फार लांब नसलेल्या एका महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना होता, तो बघायला मी सकाळीच पोहोचलो. शिपाईकाका वाकून दोरी ताणत होते आणि मुठीतून फक्की सोडत रेषा ओढत होते. मध्यरेषा झाली, निदानरेषा झाली, बोनसची रेषा झाली. दोरी सरकली की ते परत मागे जायचे, पायाने फक्की पुसायचे आणि पुन्हा ओढायचे. इतक्या निगुतीने आखलेल्या मैदानाभोवती प्रेक्षक म्हणावेत असे लोक मात्र बोटांवर मोजण्याइतकेच होते. दोन मोटारसायकली, खेळाडूंच्या बॅगांचा ढीग आणि झाडाखाली उभी चार-पाच मुले. त्यातला एक जण मैदानाकडे पाठ करून फोनला रेंज शोधत होता.

उत्तरार्धात एक चढाई झाली. हडकुळा मुलगा होता, बहुधा पहिल्या वर्षाचा. कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला, मागून दोघे अंगावर आले, आणि तो तिघांना ओढत मध्यरेषेवर आडवा झाला. बोटे पलीकडे टेकली. पंचांनी शिट्टी मारून तीन गुण दाखवले. त्याच्या संघातल्या राखीव खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळे शांत झाले. अशी चढाई गावातल्या रात्रीच्या सामन्यात झाली असती तर लोक दोरीच्या आत शिरले असते.

मी शिपाईकाकांना विचारले, पोरे का येत नाहीत बघायला? ते म्हणाले, "भाऊ, पोट्टे कॉलेजातच नाई येत, त मॅच पाहाले कुठून येतीन?"

महाविद्यालयीन खेळांची गर्दी का ओसरली, यावर जे काही बोलले जाते त्यातले बरेचसे या एका वाक्यात आले आहे. सगळे मात्र आलेले नाही. मोबाइलने मुले बिघडली, क्रिकेटने बाकीचे खेळ खाल्ले, आजच्या पिढीत उत्साहच उरला नाही, अशी तीन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. आमगावसारख्या ठिकाणी राहून मला ही तिन्ही अपुरी वाटतात. सामन्याला तिकीट नसते, म्हणून गर्दीची मोजदादही नसते. पण कड रिकामी आहे हे दिसायला आकडा लागत नाही.

इथला माणूस गर्दीला कंटाळलेला नाही, ही गोष्ट आधी मान्य करावी लागते. दिवाळी संपली की झाडीपट्टीत मंडई सुरू होते. एका गावची मंडई झाली की दुसऱ्या गावची, आणि प्रत्येकीला पाहुणे, दुकाने, पाळणे, रात्री दंडार किंवा नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरतात. थंडीत कांबळे पांघरून, पोरे मांडीवर झोपवून लोक पहाटेपर्यंत बसतात, आणि तेही तिकीट काढून. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला तेव्हा फक्त बैलांच्या जोड्या थांबल्या नाहीत. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी होती, त्यामुळे नाटकांच्या प्रेक्षकांवरही त्याचा परिणाम झाला. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला यात्रा भरते, तेव्हा मध्य भारतातून गोंड समाजाची लाखो माणसे येतात. दरेकसा स्टेशनवर उतरून माणसांची जी रांग डोंगराकडे चालू लागते ती बघितलेल्याने इथल्या लोकांना एकत्र यायचा कंटाळा आहे असे म्हणू नये. यात तरुण मुलेच जास्त असतात, आणि महाविद्यालयात नाव असलेलीही असतात.

त्या मुलांनी बघणे सोडलेले नाही. महाविद्यालयात येऊन बघणे सोडले आहे, आणि त्याची कारणे महाविद्यालयाच्या रचनेत शोधायला हवीत.

प्रेक्षक हा विषय आमगावला नवा नाही. इथून जवळचे पदमपूर म्हणजेच भवभूतीचे पद्मपूर, असे वा. वि. मिराशींनी मांडले आणि आमच्या भागाने ते मनापासून स्वीकारले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराला आपल्या काळात मनासारखा प्रेक्षक मिळाला नव्हता. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, केव्हातरी कुठेतरी माझ्या जातकुळीचा माणूस जन्मेल, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. पण मला त्याच्या नाटकांतली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनेत येते की हा प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत आहे. म्हणजे लोक देवाला आले, बाजाराला आले, नातेवाइकांना भेटायला आले, आणि जमलेल्या त्या माणसांसमोर नाटक झाले. समानधर्मा मिळाला नसेल, पण समोर यात्रा तरी होती. आजच्या महाविद्यालयीन सामन्याजवळ ती यात्रा राहिलेली नाही.

आता खेळाबद्दल. महाविद्यालयीन खेळाच्या गर्दीचा विषय निघाला की जगात आधी बास्केटबॉलचे नाव येते. हा खेळ जन्मलाच विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नायस्मिथ यांनी हिवाळ्यात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी पीचच्या टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकून तो सुरू केला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्याला पहिल्यांदा पदकाचा दर्जा मिळाला, आणि अंतिम सामना पावसाने चिखल झालेल्या मातीच्या मैदानावर 19-8 असा संपला. नायस्मिथ स्वतः बर्लिनला हजर होते. त्याच वर्षी त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. एकाच वर्षी, एकाच शहरात दोन्ही खेळ होते. पुढे बास्केटबॉलला पक्के कोर्ट, छप्पर आणि विद्यापीठांचा पैसा मिळाला. विदर्भातही नागपूरसारख्या शहरांत तो चांगला रुजला. तालुक्याच्या महाविद्यालयाला मात्र सिमेंटचे कोर्ट आणि दोन मजबूत रिंगा कायम राखणे जड जाते. आमच्याकडे महाविद्यालयाचा खेळ म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल, खो-खो आणि मैदानी स्पर्धा. अमेरिकेत बास्केटबॉलचे जे स्थान आहे ते इथे कबड्डीचे आहे.

अडचण सुरू होते ती स्पर्धेच्या आखणीपासून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली आज चार जिल्हे आहेत: नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोलीही होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एखाद्या यजमान केंद्रावर होते, दोन-चार दिवसांत उरकते, आणि बहुतेक वेळा बाद पद्धतीने खेळली जाते. आमगाव ते नागपूर रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या वर आहे. मुले पहाटेची गाडी धरतात, स्पोर्ट्सचे सर तिकिटे आणि टी.ए.-डी.ए.चा हिशेब सांभाळतात, दुपारी वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा सामना होतो, आणि हरले तर त्या वर्षीची कबड्डी तिथेच संपते. संध्याकाळच्या गाडीने मुले परत येतात. कोण कसे खेळले, कुणी शेवटच्या मिनिटाला चुकीची चढाई केली, कुणाचा खांदा उखडला, हे त्या दहा-बारा जणांशिवाय कुणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी विचारत नाही, कारण सामना होता हेच कुणाला माहीत नसते.

जिंकले तर आणखी लांब. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्याचा अश्वमेध क्रीडा महोत्सव, 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. खेळाडूसाठी ही शिडी मोलाची आहे. पण ती चढताना तो आपल्या महाविद्यालयापासून लांबलांब जात राहतो. कलरकोट घालून तो परत येतो तेव्हा फलकावर त्याचा फोटो लागतो, टाळ्या वाजतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही त्याला खेळताना बघितलेले नसते.

आपल्याकडे दर वर्षी ठरलेला घरचा सामना ही गोष्टच नाही. हा मला सगळ्यांत मोठा दोष वाटतो, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. फिलिपिन्समध्ये विद्यापीठांची बास्केटबॉल लीग आहे. तिथे तीच विद्यापीठे दर हंगामात एकमेकांसमोर पुन्हा पुन्हा उभी राहतात, त्यामुळे आतेनेओ आणि ला साल यांचा सामना म्हटला की मनिलात माजी विद्यार्थ्यांसह घरेच्या घरे दोन रंगांत विभागली जातात. वैर जुने व्हायला सामना पुन्हा पुन्हा व्हावा लागतो. आमगाव आणि सालेकसा, आमगाव आणि देवरी, आमगाव आणि गोंदिया या गावांमध्ये बाजाराचे, सोयरिकीचे, बसच्या फेऱ्यांचे नाते आहे. त्यात चेष्टामस्करी आणि चुरस आधीपासूनच आहे. पण त्यांची महाविद्यालये एकमेकांसमोर आलीच तर तिसऱ्याच गावात, तेही सोडतीत नावे जुळली तर.

आता शिपाईकाकांच्या वाक्याकडे येतो. मुले महाविद्यालयात का येत नाहीत?

आमच्या भागातला बी.ए. किंवा बी.कॉम.चा मुलगा वसतिगृहात राहत नाही. तो पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावातून येतो. एस.टी.ची सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मध्ये जो वेळ मिळतो तेवढेच त्याचे कॉलेज. दुपारी चारच्या सामन्याला तो थांबला तर घरी कसा जाईल, हा साधा प्रश्न वेळापत्रक करताना विचारला जात नाही. मुलींच्या बाबतीत तर तो पहिलाच प्रश्न असतो. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, याचा मोठा आधार मिळाला. पण गाडी असेल तर तिकिटाची सवलत कामाची. सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या गावांना शेवटची गाडी चुकली की वाटच राहत नाही.

त्यात हंगाम. महाविद्यालयीन स्पर्धांचा बराचसा भाग ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये येतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि मळणी. घरच्या बांधीत माणूस कमी असताना मुलगा कॉलेजच्या मैदानावर टाळ्या वाजवायला जाणार नाही, आणि जाऊही नये. सेमिस्टर पद्धत आल्यापासून वर्षाच्या दोन परीक्षा झाल्या, अंतर्गत गुण, असाइनमेंट, प्रात्यक्षिके यांनी मधले दिवसही भरले. पूर्वी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असायची आणि त्याआधी मोकळा हिवाळा मिळायचा. स्नेहसंमेलन, वर्गावर्गांचे सामने, रांगोळीपासून दोरीखेचपर्यंत सगळे त्यात बसायचे. तो हिवाळा आता निम्मा परीक्षेच्या अर्जांत जातो. नव्या शैक्षणिक धोरणाने खेळाला सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक दिले, हे चांगले झाले. ते श्रेयांक खेळणाऱ्याचे आहेत. बघणाऱ्याला कागदावर जागा नाही, आणि सगळेच कागदावर आणण्याच्या काळात ज्याला कागद नाही ते आधी सुटते.

मात्र मैदाने ओस पडली, असे कुणी म्हणाले तर त्याला मी पहाटे पाचला घेऊन जाईन. आमगाव असो की देवरी, उजाडायच्या आधी मैदानावर आणि रस्त्याच्या कडेला मुले धावत असतात. हातात स्टॉपवॉच किंवा मोबाइल, अंगात स्वेटर, तोंडातून वाफ. ही भरतीची मुले. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आहे: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. सोळाशे मीटरमध्ये पाच-सात सेकंद कमी झाले तरी गुण वाढू शकतात, आणि एका गुणावर नोकरी मिळते किंवा जाते. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, तिच्यातल्या अग्निवीर भरतीचीही धाव आहेच. एका मुलीला मी फक्कीच्या जुन्या वर्तुळात उभी राहून चार किलोचा गोळा पुन्हा पुन्हा टाकताना बघितले. प्रत्येक फेकीनंतर ती स्वतःच पावलांनी अंतर मोजायची, काडीने मातीत खूण करायची, गोळा उचलून परत यायची. तिच्या मेहनतीत काही कमी नव्हते. तिच्याभोवती आणखी तीस-चाळीस जण होते आणि प्रत्येक जण आपापल्या घड्याळाशी झगडत होता. तिची फेक बघायला कुणी थांबत नव्हते, कारण तिच्या शेजारचा तिचा स्पर्धकच होता.

या मुलांना खेळाचे प्रेम नाही असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी मैदान ही पोटापाण्याची जागा झाली आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, म्हणून खेळाडूही प्रमाणपत्राचा विचार आधी करतो. कुठल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते, कुठल्या गटाला चालते, हे त्याला नियमांपेक्षा जास्त पाठ असते. यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. धानाच्या भावावर घर चालत नसेल तर मुलाने नोकरीकडेच बघायला हवे. पण खेळाची सगळी किंमत खेळणाऱ्याच्या भविष्यात गेली की बघणाऱ्याला तिथे काम उरत नाही.

टीव्ही आणि मोबाइलबद्दल थोडक्यात. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात ती कोट्यवधी घरांत पोहोचली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि सामना खिशात बसला. यामुळे कॉलेजच्या मैदानावरचे प्रेक्षक गेले, असे सरसकट म्हटले जाते. मला उलटे दिसते. आज आमच्याकडच्या शाळकरी पोराला डुबकी काय, टाचपकड काय, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई म्हणजे करो या मरो, हे सगळे कळते. बघणारा जाणकार झाला आहे. त्याला अभिमान वाटावा असेही घडते आहे: जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने दोन्ही गटांत तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. असा जाणकार प्रेक्षक दारात तयार असताना महाविद्यालयाला तो मैदानाच्या कडेला आणता येत नसेल, तर दोष पडद्याचा कमी आणि बोलावणाऱ्याचा जास्त आहे. गावातल्या रात्रीच्या खुल्या सामन्यांना मोबाइलवालेच तर येतात, आणि व्हिडिओ काढून गावभर पसरवतात.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण आपल्याकडे जे नाही ते सगळे तिथे आहे: घरचे सामने, वसतिगृहे, छप्पर, पैसा. तरीही तिथल्या विद्यापीठांना विद्यार्थी येत नसल्याची चिंता आहे. 2018 मध्ये तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलची सरासरी उपस्थिती 42 हजारांच्या खाली गेली, बावीस वर्षांतली सर्वांत कमी. आपल्या दृष्टीने हा आकडा प्रचंड आहे, पण त्यांच्यासाठी ती घसरण होती. 2019 मध्ये अलाबामा विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी एक ॲप काढले. सामन्याला आलात तर 100 गुण, शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबलात तर आणखी 250. विद्यार्थी स्टेडियममध्ये आहे की निघून गेला, हे फोनवरून समजायचे, आणि जास्त गुणवाल्याला मोठ्या सामन्याचे तिकीट आधी मिळायचे. देशातला अव्वल संघ, लाखभर माणसे मावतील एवढे स्टेडियम, आणि तरी विद्यार्थी शेवटपर्यंत बसावा म्हणून गुण द्यावे लागले. हे वाचल्यावर आमच्याकडे अधूनमधून होणारी सूचना, की सामन्याला हजेरी लावा म्हणजे मुले येतील, मला फारशी पटत नाही. सक्तीने आणलेली मुले रांगेत बसतात आणि हजेरी झाली की उठतात.

त्याच देशात, त्याच काळात, आयोवात वेगळे घडले. 15 ऑक्टोबर 2023 ला आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने फुटबॉलच्या स्टेडियममध्ये नुसता सरावाचा सामना ठेवला आणि 55,646 लोक आले. केटलिन क्लार्क ही त्याच राज्यात वाढलेली मुलगी खेळत होती. 2024 मध्ये महिलांचा महाविद्यालयीन अंतिम सामना टीव्हीवर 1 कोटी 85 लाखांहून जास्त लोकांनी बघितला, पुरुषांचा दीड कोटीच्या आत राहिला. इतकी वर्षे मुलींच्या सामन्याला रिकाम्या खुर्च्या असतात असे गृहीत धरले जात होते. लोकांना आपल्या गावची मुलगी ओळखीची झाली आणि खुर्च्या भरल्या.

आमच्याकडे मुलींचे सामने सकाळी लवकर, कडेच्या मैदानावर लावून मोकळे होण्याची सवय आहे. कारण सांगितले जाते ते सुरक्षिततेचे. पण ज्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली बसतात, त्या वर्गाला मैदानाकडे आणायचे तर मुलींचाच सामना मुख्य वेळेला ठेवायला हवा. मैत्रीण खेळत असेल तर मुली थांबतात, आणि त्या पाच-पाच, सहा-सहाच्या घोळक्याने थांबतात. कडेला मुली आरडाओरडा करत असल्या की सामन्याचा रंगच बदलतो. शिवाय वाह्यात शेरेबाजी करणाऱ्यांची संख्याही कमी होते.

बोलावणारा कोण, हा प्रश्न उरतो. एकेकाळी महाविद्यालयात जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, निवडून यायचा, आणि खेळाचा सचिवही. त्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडले, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली, पण प्रत्यक्षात त्या रखडल्या. हिंसा थांबली याचा आनंदच आहे. तरी निवडून आलेल्या पोराला आपण निवडून आलो हे दाखवायला काहीतरी करावे लागायचे, आणि सामन्याला चार वर्ग जमवून आणणे हे त्यातले सोपे काम होते. गुणांवर नेमलेला प्रतिनिधी हुशार असतो, भला असतो, पण त्याच्या हाकेला मैदान भरत नाही. दुसरा बोलावणारा म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे अडली त्यात ही पदेही अडकली, आणि कित्येक ठिकाणी दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे खेळाचा प्रभार असतो. तो सही करतो, संघ पाठवतो. मैदानावर संध्याकाळी उभा राहणारा माणूस वेगळा असतो.

या सगळ्यावर कोरोनाने घाव घातला. मार्च 2020 मध्ये बंद झालेली महाविद्यालये 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली. लगेच एस.टी.चा संप लागला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. गावातली मुले घरीच राहिली. तीन वर्षांच्या पदवीतली दोन वर्षे अशी गेली. सामना बघायला कसे जायचे, कुठे उभे राहायचे, विरोधी संघाला कुठवर चिडवायचे आणि कुठे थांबायचे, हे कुणी शिकवत नाही, वरच्या वर्गाकडून खालचा वर्ग उचलतो. ती साखळी त्या दोन वर्षांत तुटली. शाळेत असताना जी मुले हिरिरीने ओरडायची, ती कॉलेजात आली तेव्हा ओरडणारे कुणी समोर नव्हते.

याच भागात एक उलटे उदाहरण आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात तेव्हा मैदानाची कड भरलेली असते. मुले निवासी आहेत, त्यांना बस गाठायची नसते. सगळे संघ एका जागी दोन-तीन दिवस राहतात. ज्याचा सामना नाही तो दुसऱ्याचा बघतो, आणि हरलेला संघही घरी जात नाही. संध्याकाळी त्याच मैदानावर रेला नाच होतो. ज्या पोरीने सकाळी खो-खोत सूर मारला तिला सगळे ओळखत असतात. खेळ, मुक्काम, जेवण आणि नाच एकत्र आले की मुले कुणी न सांगता कडेला बसतात.

महाविद्यालयाला निवासी होता येणार नाही, पण यातले थोडे उचलता येईल. आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगाव, गोंदिया अशा शेजारच्या महाविद्यालयांनी विद्यापीठाच्या स्पर्धेआधी आपसांत चार-पाच सामने ठरवावेत. एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. त्याला विद्यापीठाची परवानगी, प्रमाणपत्र, मोठा निधी काही लागत नाही. एका जीपचे भाडे, पंचांचे मानधन आणि चहा-पोहे लागतात. सामना साडेअकरा ते एकच्या मध्ये, म्हणजे दोन बसफेऱ्यांच्या मधल्या वेळेत ठेवावा. त्या तासांचे वर्ग बंद करून हजेरी घेण्यापेक्षा वर्गावर्गांचे सामने आधी घ्यावेत, म्हणजे महाविद्यालयाचा संघ तयार होईपर्यंत त्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी वर्गाचा झालेला असतो. रोवणी आणि कापणीचे पंधरवडे सोडून द्यावेत. आणि महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर उभ्या असणाऱ्या माणसाला, म्हणजे चहावाल्याला, माजी खेळाडूला, भरतीच्या मुलांना, आत येऊ द्यावे. सुरक्षेच्या नावाने फाटक लावून घेतलेल्या मैदानावर प्रेक्षक कुठून येणार?

मी हे शिपाईकाकांना सांगत होतो तेव्हा सामना संपला होता. यजमान संघ हरला होता. तिघांना ओढत आणणारा तो हडकुळा मुलगा नळावर गुडघा धूत बसला होता, मातीखाली सोलपटलेली कातडी दिसत होती. मी त्याला म्हटले, चढाई फार छान झाली. त्याने मान वर केली आणि विचारले, "सर, तुम्ही पाहिली का?" मग त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले: कोपऱ्यावरचा कसा आधीपासून वाकून बसला होता, आपण पाय मुद्दाम कसा पुढे ठेवला, आणि बोटे रेषेला टेकली तेव्हा दम किती उरला होता.

काकांनी उरलेली फक्की पोत्यात भरली आणि सुतळीने तोंड बांधले. मैदान पुसणार का, मी विचारले. "राहू द्या न भाऊ," ते म्हणाले. "संध्याकाळी गावातले पोट्टे येतेत खेळाले. तवा पाहाले या, बसाले जागा नसते."